‘अलबेला’च्या आधीचे भगवानदादा

४ फेब्रुवारी २००२ रोजी मुंबईत भगवानदादा गेले. मुंबईची वर्तमानपत्रे त्या काळी मालवणात पोहोचेपर्यंत उन्हे चांगली चढलेली असत. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेतून जेवायला घरी आलो, तेव्हा आमचे तात्या पडवीत बसले होते. वर्तमानपत्र गुडघ्यांवर पसरलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला. पानावर भगवानदादांचा ‘अलबेला’तला फोटो होता. तोच, सगळ्यांच्या ओळखीचा. हात कोपरात मुडपलेले, गुडघे जरासे वाकलेले, चेहऱ्यावर ते मिस्कील हसू. मी म्हटले, ‘‘तात्यांनू, तुमचो भगवान गेलो.’’

तात्यांनी फोटोवर बोट आपटले. म्हणाले, ‘‘ह्यो नाचाचो फोटो. उडयेचो खंय आसा?’’

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. १९४१ साली, सोळाव्या वर्षी, बोटीने मुंबईला गेले. लालबागच्या एका खोलीत गावच्या दहा-बारा जणांबरोबर राहिले आणि गिरणीच्या साचेखात्यात चिकटले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तो त्यांच्यापुरता कधी मिटलाच नाही. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन ते गावी परत आले. एवढ्या चाळीस वर्षांत मुंबईने त्यांना काय दिले, असे कोणी विचारले तर ते प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा सांगत नसत. भगवानच्या पिक्चरांच्या गोष्टी सांगत. म्हणून त्यांचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. जेवून पुन्हा बँकेत गेलो. त्यात काही विचार करण्यासारखे आहे, हे लक्षात यायला मला पुष्कळ वर्षे लागली.

भगवानदादांचे पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. पालव हे आडनाव आमच्या सिंधुदुर्गात घरोघर ऐकू येणारे, त्यामुळे लालबाग-परळमधल्या चाकरमान्यांना हा माणूस पहिल्यापासून आपल्या आळीतला वाटे. त्यांचा जन्म मात्र अमरावतीचा, १ ऑगस्ट १९१३ चा. वडील कापडगिरणीत कामगार. मुलगा वाढला मुंबईच्या गिरणगावाच्या आसपास. शाळा लवकर सुटली, मजुरी केली, तालमीत घाम गाळला. मूकपटांच्या अखेरच्या काळात स्टुडिओत शिरकाव मिळाला. तिथे त्यांनी पाहिले की अभिनय करणाऱ्याला एकच काम असते आणि चित्रपट करणाऱ्याला पन्नास. ती पन्नासही शिकून घेतली. १९३८ साली ‘बहादुर किसान’ हा चित्रपट त्यांनी चंद्रराव कदम यांच्याबरोबर दिग्दर्शित केला. तिथून १९५१ च्या ‘अलबेला’पर्यंतची तेरा वर्षे म्हणजे तात्या ज्याला ‘खरो भगवान’ म्हणत तो.

ही वर्षे स्टंटपटांची. आजच्या तरुण वाचकांना हा शब्द थोडा उलगडून सांगायला हवा. १९०३ साली अमेरिकेत ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा बारा-एक मिनिटांचा चित्रपट निघाला. आगगाडी, दरोडेखोर, घोड्यांवरून पाठलाग, शेवटी गोळीबार. पुढच्या सगळ्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांचे बियाणे त्यात होते. १९२० साली डग्लस फेअरबँक्सचा ‘द मार्क ऑफ झोरो’ आला. तोंडावर बुरखा, हातात तलवार आणि गच्चीवरून गच्चीवर उड्या. हे चित्रपट मुंबईतही लागले आणि त्यांचा इथल्या निर्मात्यांवर मोठा परिणाम झाला. आपल्याकडे काउबॉय नव्हते, पण घोडे होते, डोंगर होते, जुलमी राजे आणि त्यांना धडा शिकवणारे बुरखेधारी वीर तर आपल्या कथांत पूर्वापार होतेच. मास्टर विठ्ठलांनी मूकपटांत तलवार गाजवली आणि पुढे ‘आलम आरा’चे नायक झाले. वाडिया बंधूंनी १९३३ साली वाडिया मुव्हीटोन काढली. होमी वाडियांनी १९३५ मध्ये ‘हंटरवाली’तून ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या नादियाला हातात चाबूक देऊन उभे केले. एका अर्थी हे आपले वेस्टर्नच. फक्त दरोडेखोराच्या जागी दिवाण असे, आणि शेरीफच्या जागी कोणीच नसे. तो कामगार प्रेक्षकाच्या अनुभवाला धरूनच होता म्हणायचा.

भगवानदादांकडे वाडियांसारखा पसारा नव्हता. थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत चित्रपट पुरा करायचा. नटांच्या कपड्यांपासून युनिटच्या जेवणापर्यंत सगळे स्वतः बघायचे. ६५,००० रुपयांत त्यांनी अख्खा चित्रपट उभा केल्याचे त्यांच्याबद्दल लिहिलेल्या मजकुरात येते. बदली माणूस घ्यायचा नाही. उडी स्वतः मारायची, मारही स्वतःच खायचा. म्हणूनच त्यांना आपला डग्लस फेअरबँक्स म्हणत. मद्रासकडे जाऊन तमिळ चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केले. ‘जयक्कोडी’ आणि १९४१ चा ‘वनमोहिनी’. दुसरा जंगलातला, हत्ती वगैरे असलेला, नायिका सिंहलद्वीपची तवमणी देवी. त्यांचे संगीत होते पुणतांब्याच्या एका तरुणाचे. रामचंद्र चितळकर, म्हणजे पुढचे सी. रामचंद्र. स्टंटपटांतल्या या मैत्रीतून पुढे काय निघाले ते सगळा देश जाणतो. १९४२ मध्ये भगवानदादा निर्माते झाले, ‘जागृती पिक्चर्स’ काढली. १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. राज कपूरचा आर. के. स्टुडिओ त्याच चेंबुरात एक वर्षाने आला.

तात्या रविवारी चार आण्यांच्या तिकिटात हे चित्रपट बघत. आमच्या आजोळची मंडळी गिरगावात राहत. ती ‘प्रभात’चे चित्रपट बघत आणि त्यावर चर्चा करीत. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’. स्टंटपटाचे नाव निघाले की मामा हसायचे. वर्तमानपत्रेही या चित्रपटांवर लिहीत नसत. लिहिले तर दोन ओळींत झटकून टाकीत. लहानपणी दोन्ही घरांत माझी ये-जा असल्याने मी मामांच्या बाजूचा झालो. शाळेत हुशार असलेला मुलगा दुसरे काय होणार? तात्या सुट्टीत गावी आले की कंदिलाच्या उजेडात सांगत. घोडा कसा आला, भगवान कठड्यावर कसा चढला, खाली किती माणसे होती. मध्येच उठून, पंचा कमरेला घट्ट करून, ओटीवरून अंगणात उडी मारून दाखवीत. मी विचारी, ‘‘ती उडी भगवानची का जॉन कावसची?’’ ते चिडत. ‘‘झिला, तुका सांगान कळाचा नाय. ता बघूक होया होता.’’

त्या उड्या कशा घेत, हे मला पुढे वाचून थोडेफार समजले. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवायची असे. ती सावकाश फिरवली की पडद्यावर माणसे दुप्पट वेगाने पळत. बोलपट आल्यावर वेग ठरून गेला, तरी मारामारीच्या दृश्यात ही युक्ती चालूच राहिली. बाकी सगळे शरीराच्या हिशेबावर. खाली पेंढा असला तर असला. १९३९ मध्ये जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’मध्ये याकिमा कनट नावाच्या स्टंटमनने धावत्या घोड्यांच्या जोडीवर झेप घेतली, मग दोन रांगांच्या मधून जमिनीवर पडला आणि अख्खी घोडागाडी त्याच्या अंगावरून गेली. त्यात काही धोका नव्हता असे नाही, पण घोड्यांमधले अंतर, पकडायची दांडी, पडायची जागा हे सगळे त्याने आधी मोजले होते. १९६७ साली त्याला मानाचे ऑस्कर मिळाले ते नुसत्या धाडसासाठी नव्हे. स्टंट करणाऱ्यांचा जीव वाचवणारी साधने तयार केल्याबद्दलही. आपल्याकडे असले काही मोजायला ना वेळ होता ना पैसा. मुंबईत ज्या गोष्टीला आपण हिंमत म्हणत होतो, तिच्यात निम्मी गरिबी होती.

याची किंमत एकदा फार मोठी मोजावी लागली, आणि ती भगवानदादांनी मोजली नाही.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. पडद्यावरची थप्पड गालाला लागत नाही. हात चेहऱ्याजवळून जातो, समोरच्याने त्याच क्षणी मान फिरवायची असते, आणि हात व गाल यांच्यातली फट दिसणार नाही अशा बाजूला कॅमेरा ठेवतात. तात्या म्हणत, ‘‘थापड गालार मारूची नसता, हवेर मारूची असता.’’ ही गालावर बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. तीनएक वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून त्यांची वाट तिथेच बंद झाली.

ही हकिकत जिथे जिथे सांगितली जाते, तिथे एक वाक्य हमखास येते. भगवान तेव्हा नवखे होते, म्हणून चूक झाली. मला हे वाक्य पटत नाही. १९४२ पर्यंत त्यांना पडद्यावर येऊन बरीच वर्षे झाली होती आणि दिग्दर्शक होऊनही चार वर्षे झाली होती. ‘हिम्मत-ए-मर्दां’ या १९३०च्या दशकातल्या बोलपटात ही दोघे एकत्र होती. ललिताबाईही नाजूक बाहुली नव्हत्या. १९३१ चा त्यांचा ‘दिलेर जिगर’ हा मूकपट सुदैवाने शिल्लक आहे. त्यात त्या बुरखा घालून तलवारीने लढतात, आणि झकास लढतात. म्हणजे थप्पड मारणारा कसलेला, खाणारी कसलेली. माझ्या मते चूक नवखेपणाची नव्हतीच. ज्या माणसाने स्वतःच्या अंगाची फिकीर कधी केली नाही, त्याच्या हाताला दुसऱ्याच्या अंगाचा अंदाज राहिला नाही. धाडसी माणसांच्या बाबतीत हे होते. मी बँकेतही पाहिले आहे.

ललिताबाईंनी त्या डोळ्यासकट पुढे जे केले ते आपल्यापुढे आहे. ‘अनाडी’तली मिसेस डिसा, त्याबद्दलचे फिल्मफेअर पारितोषिक, दूरदर्शनच्या ‘रामायणा’तली मंथरा. काही जण म्हणतात, ती थप्पड बसली म्हणून एवढी मोठी चरित्र अभिनेत्री मिळाली. आपल्याकडे असे श्रेय वाटण्याची एक वाईट खोड आहे. जे केले ते त्या बाईंनी केले. थपडेने फक्त डोळा घेतला.

आता ‘अलबेला’. असे सांगतात की राज कपूरने भगवानदादांना सुचवले, मारामाऱ्या पुरे, आता एखादा सामाजिक चित्रपट काढा. त्यांनी काढला. नाटकाच्या वेडापायी घर सोडणाऱ्या गरीब तरुणाची गोष्ट. गीता बाली नायिका, राजेंद्र कृष्ण यांची गीते, सी. रामचंद्रांचे संगीत. त्यातल्या एका गाण्यात गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपला वाद्यवृंद घेऊन पडद्यावरच दिसतो. चित्रपट धो धो चालला. गिरगावातले मामाही बघून आले आणि चक्क गुणगुणू लागले.

मी ‘अलबेला’ प्रथम पाहिला तो १९७० च्या सुमारास, मालवणात आलेल्या एका तंबूत. रीळ मध्ये मध्ये तुटत होते. मी दहा वर्षांचा. मला त्या नाचाचे सगळ्यांत नवल वाटले ते हे की हा माणूस जाड आहे, उंच नाही, चेहरा गोल, नाचायला शिकलेला दिसत नाही, आणि तरी त्याच्यावरून नजर हलत नाही. याचे कारण मला सापडले ते पुष्कळ वर्षांनी, आणि सापडले ते देवळाच्या आवारात, दशावतार बघताना.

आमच्याकडचा दशावतार ज्यांनी जत्रेत रात्रभर जागून पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल. पहाटेच्या सुमारास राजा आणि राक्षस यांचे युद्ध लागते. पखवाज तापतो, झांज वाजू लागते. दोघे तलवारी उगारून एकमेकांभोवती फिरतात, उसळतात, गिरकी घेतात, पण पात्याला पाते क्वचितच लागते. लढाई पायांत असते. मारण्याची वेळ आणि तालाची सम एकच. युद्ध आणि नाच हे आमच्या नटाला दोन वेगळे विषय नाहीतच. एकदा हे डोळ्यांत भरले आणि मग ‘अलबेला’तला भगवान आठवला. ते अर्धेच पुढे टाकलेले पाऊल, तो तिरका खांदा, कोपरात मुडपलेले हात म्हणजे आखाड्यातला पवित्रा आहे. मल्ल समोरच्याचा अंदाज घेताना असाच झुलतो. वजन पायाच्या चवड्यावर, कुठल्याही क्षणी पुढे झेप घेता येईल असे. तेरा वर्षे मारामाऱ्या केलेल्या शरीराने झेप घ्यायची नाही असे ठरवले, तर जे उरेल तो हा नाच. पुढे अमिताभ बच्चनपासून किती जणांनी तो उचलला. फोटोत नाचच होता हे खरे, पण तात्यांना हवी असलेली उडीही त्यातच कुठेतरी दडली होती. हे मी त्यांना २००२ मध्ये सांगू शकलो असतो तर बरे झाले असते.

यानंतरचा भाग सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तो चवीने सांगतात. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांसाठी सात मोटारी. मग ‘झमेला’ १९५३ मध्ये आला, तीच जोडी, तोच संगीतकार. लोकांनी पाठ फिरवली. पुढे एक चित्रपट पैसे अडकून अपुरा राहिला. १९६६ च्या ‘लाबेला’नंतर दिग्दर्शन संपले. बंगला गेला, मोटारी गेल्या आणि मुक्काम पुन्हा दादरच्या चाळीत आला. छोट्या छोट्या भूमिका, कधी गर्दीत दोन मिनिटे तोच नाच. म्हणतात की बहुतेक मित्र पांगले, सी. रामचंद्र, ओमप्रकाश, राजेंद्र कृष्ण मात्र चाळीत येत राहिले. गणपतीच्या मिरवणुका घरासमोर थांबत, वाद्ये ‘अलबेला’ची चाल धरीत आणि दादा खाली उतरून चार पावले टाकीत, तेव्हाच मिरवणूक पुढे सरके, अशीही आठवण अनेकांनी सांगितली आहे.

बँकेत असताना ही गोष्ट मी हत्यारासारखी वापरली, हे कबूल करायला हवे. मालवणच्या शाखेत कर्जविभाग माझ्याकडे होता. कोणी राहत्या घराचे कागद तारण म्हणून पुढे केले की मी समजावणीच्या सुरात म्हणत असे, ‘‘भगवानदादांचे काय झाले ठाऊक आहे ना?’’ आणि बंगला, मोटारी, चाळ असा सगळा उतार ऐकवीत असे. बहुतेक गिऱ्हाइके कागद आवरती घेत. एकदा एक मच्छीमार बांधव आला. एक ट्रॉलर होता, हंगाम चांगला गेलेला, दुसरा घ्यायचा होता, तारण घर. मी भगवानदादा काढले. त्याने पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘सायबानू, होडयेत पाय घालूचो म्हणजे घर किनाऱ्यारच सोडूचा लागता.’’ उठून गेला. कर्ज त्याने दुसरीकडून काढले. ट्रॉलर काही वर्षे चांगला चालला, मग चालला नाही. मासळीचे तसेच असते. त्यामुळे त्याचे बरोबर होते का माझे, हा निकाल काही लागला नाही.

पण त्याच्या त्या वाक्यामुळे मी भगवानदादांचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला, अगदी कर्जप्रस्ताव तपासावा तसा. आणि मला आढळले की मी ज्या गिऱ्हाइकाला बेफिकीर समजत होतो, तो तेरा वर्षे उत्तम धंदा करीत होता. थोडे भांडवल, झटपट निर्मिती, ठरलेला प्रेक्षक, पैसा लवकर सुटला की पुढच्या चित्रपटात. एक पडला तरी दुसरा सावरून घेई. आमच्या भाषेत खेळते भांडवल लवकर फिरत होते. त्याच कमाईवर कंपनी उभी राहिली, स्टुडिओ उभा राहिला. त्या वेळी बँका चित्रपटांना दारातही उभे करीत नसत. चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा केंद्राने १९९८ मध्ये जाहीर केला, तोवर वितरकाची उचल नाहीतर सावकाराचे व्याज हेच दोन रस्ते. अशा बाजारात तेरा वर्षे टिकणारा माणूस कच्चा नव्हे. मारामारीच्या चित्रपटांनी त्यांना बुडवले नाही. सभ्य लोकांना आवडलेल्या एका चित्रपटाने त्यांची चाल बदलली. खर्च मोठा, अपेक्षा मोठी, आणि गिरगावातले प्रेक्षक दर वेळी नवे काहीतरी मागणारे. लालबागचे प्रेक्षक त्याच उडीला शंभर वेळा टाळी देत. ‘अलबेला’ काढला नसता तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते, हेही खरेच. पण दाखला म्हणून मी उलटा माणूस उभा करीत होतो. त्या मच्छीमाराला माझा दाखला पटला नाही, यात त्याचा दोष नव्हता.

आता यातला शेवटचा आणि मला सर्वांत बोचणारा भाग. ही तेरा वर्षे पुन्हा तपासून बघायची तर पुरावा कुठे आहे? भगवानदादांचे चाळीसच्या दशकातले चित्रपट जवळजवळ सगळे गेले. गोरेगावच्या एका गोदामाला लागलेल्या आगीत बऱ्याच चित्रपटांच्या मूळ प्रती जळाल्याचे सांगतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ठिणगी लागली की विझवणे कठीण. जी जळाली नाही तिच्यातली चांदी काढून घ्यायला भंगारवाले तयारच असत. चित्रपटगृहांचा फेरा संपला की चित्रपटाची किंमत भंगाराएवढी उरे आणि विकणाऱ्याला दोन पैसे सुटत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले १९६४ मध्ये. तोवर उशीर झाला होता, आणि उशीर झाला नसता तरी स्टंटपट कोणी आणून ठेवले असते, याची मला शंका आहे. ‘प्रभात’चे चित्रपट जपावेत असे वाटणारे लोक होते. भगवानचे चित्रपट ज्यांना जपावेसे वाटले असते, ते तिसऱ्या पाळीला जात होते.

२०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट त्यांच्या आयुष्यावर निघाला. मंगेश देसाई भगवानदादा झाले, विद्या बालन गीता बाली. मी मुंबईला मुलीकडे गेलो असताना पाहिला. नाच हुबेहूब होता. थिएटरमधली तरुण मुले शिट्ट्या मारीत होती. तात्या असते तर त्यांनी शेजाऱ्याला कोपर मारून उडीचे विचारले असते.

तात्या २००४ च्या पावसात गेले. त्याआधीच्या मे महिन्यात, एका संध्याकाळी, मी माझी बँकेची जुनी डायरी घेऊन त्यांच्याजवळ बसलो होतो. म्हटले, तात्यांनू, सगळे चित्रपट सांगा, मी लिहून घेतो. कादंबरीकार म्हणून तोवर माझे थोडे नाव झाले होते. वाटले, यातून काही हाती लागेल. त्यांनी तासभर सांगितले. नावे आठवत नव्हती. एका चित्रपटाचा पूल दुसऱ्या चित्रपटाच्या नदीवर जात होता. नादियाचा चाबूक मध्येच भगवानच्या हातात येत होता. मी वर्ष विचारले की ते कुठल्या गिरणीत, कुठल्या साच्यावर होते ते सांगत आणि मी त्यावरून साल काढीत असे. सात पाने भरली. एकाही नोंदीपुढे मला खात्रीने चित्रपटाचे नाव घालता येत नाही.

डायरी अजून कपाटात आहे. सहाव्या पानावर, ठेवींवरच्या व्याजदरांच्या छापील तक्त्याखाली, माझ्या अक्षरात लिहिले आहे : ‘बहुधा १९४४. किल्ल्याचा तट. मागून सहा जण. खाली घोडा उभा. उडी थेट पाठीवर. घोडा पांढरा होता (तात्या ठाम).’